‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ऐकण्याआधी : घरचा कॉम्प्युटर स्वतः सांभाळायचा तर

घरचा कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो, म्हणून तो सांभाळायचं काम कुणाचंच नसतं. मुलीचा सीईटीचा फॉर्म, आजोबांची सोसायटीची पत्रं, बाबांचा टॅली, लग्नाचे फोटो आणि कुणीतरी कधीतरी टाकलेले चार गेम, सगळं एकाच डिस्कवर. वर्षा-दोन वर्षांनी मशीन रेंगाळायला लागतं, दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि तो पाच मिनिटं बघून सांगतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ त्यात त्याचा फार दोष नाही. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार घरं करायची असतात. दुखणं शोधत बसण्यापेक्षा सगळं पुसून नव्याने विंडोज टाकणं त्याला सोपं पडतं आणि त्याने मशीन हमखास चालू होतं. किंमत मोजायची ती तुम्ही: फाइल्स, फॉन्ट, पासवर्ड, प्रिंटरची सेटिंग्ज, आणि कधीकधी मशीनबरोबर विकत घेतलेलं अस्सल विंडोजसुद्धा.

बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते, हे माझं ठाम मत आहे. पुढे जे सांगितलंय ते विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरगुती मशीनसाठी आहे. एमएस-सीआयटी केली असेल तर निम्मं ओळखीचं वाटेल, नसेल तरी अडणार नाही. फक्त क्रम पाळा. दुसरी पायरी झाल्याशिवाय चौथीला हात लावू नका.

पहिली पायरी : आपल्याकडे नेमकं काय आहे

की-बोर्डवर विंडोजची खूण असलेली कळ आणि ‘आय’ एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडतील. त्यात सिस्टिम, आणि त्याच्या यादीत खाली अबाउट. प्रोसेसर कुठला, रॅम किती, विंडोज कुठलं, हे इथे लिहिलेलं असतं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात डिस्कवर क्लिक केलं की ती एचडीडी (फिरत्या तबकडीची) आहे की एसएसडी (हलणारा भाग नसलेली, वेगवान) ते कळतं. या चार गोष्टी लिहून ठेवा आणि त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. रॅम वाढवायला दुकानात गेलात की पहिले प्रश्न हेच येतात, आणि उत्तरं ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार जरा जपून बोलतो.

जाता जाता: एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कुणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

दुसरी पायरी : फाइल्सची प्रत

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. मशीन पुन्हा मिळतं, विंडोज पुन्हा टाकता येतं, पण आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे: ‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडाला तरी चिंता नाही.’ बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. नुसतं विंडोज बिघडलं तर डी वाचतो, इतकंच खरं. डिस्कच जळाली किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर दोन्ही एकदम जातात. एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत दागिने ठेवण्यासारखं आहे ते. शिवाय ‘डीला आहे’ असं म्हणणाऱ्यांच्या निम्म्या फाइल्स प्रत्यक्षात डेस्कटॉपवर पडलेल्या असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर मुळात सीवर असतात. सी फॉरमॅट झाला की ते गेले.

यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरालाही चालतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे मूळ फाइल कॉम्प्युटरमध्ये, दुसरी प्रत यूएसबीला लावायच्या बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात.

बाहेरची डिस्क आणली की ती जोडून तिच्यावर महिना आणि वर्ष लिहिलेला एक फोल्डर करा. मग सी ड्राइव्हमध्ये यूझर्स आणि त्यात तुमच्या नावाचा फोल्डर उघडा. तिथले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज कॉपी करा. घरात प्रत्येकाचं वेगळं खातं असेल तर प्रत्येक नावाच्या फोल्डरमधून हेच करायचं. मग डीवरचं जे हवं ते. टॅलीचा डेटा असा फोल्डर उचलून घेण्यापेक्षा टॅलीतल्याच बॅकअपने घ्या. ब्राउझरमधले बुकमार्क्सही विसरू नका, ते फाइल म्हणून बाहेर काढता येतात.

कॉपी झाल्यावर पाच-सहा फाइल्स बाहेरच्या डिस्कवरूनच उघडून बघा. हे कुणी करत नाही, आणि नेमकी गरज पडते तेव्हा फोल्डर रिकामा निघतो. बघून झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून लंगडी. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस घुसला, तर तो जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

ज्यांना हाताने कॉपी करायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी नावाची सोय आहे. बाहेरची डिस्क जोडून ती एकदा चालू केली की डिस्क लावलेली असताना ती दर तासाला बदललेल्या फाइल्सची प्रत घेते. महिन्यातून एक रविवार ठरवा, सकाळी डिस्क लावा आणि दुपारी काढा. फक्त डीवरचे फोल्डर ती आपोआप धरेलच असं नाही, ते एकदा तपासा.

इंटरनेटवरच्या फुकट जागेला मर्यादा आहेत. गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचे फुकट जीबी पाच. वनड्राइव्हबाबत जरा सावध राहा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या मशीनवर तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स आपल्या ताब्यात घेऊ शकतो. पाच जीबी भरले की जागा संपल्याच्या सूचना सुरू होतात, आणि घाबरून वनड्राइव्हमधून काही पुसलं की ते कॉम्प्युटरवरूनही जातं. असं झालंच तर वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरच्या रिसायकल बिनमध्ये बघा, घरगुती खात्यात ३० दिवस फाइल्स तिथे असतात. दोन्हीकडे एकच गोष्ट ठेवणं म्हणजे सिंक. बॅकअप वेगळा.

पेनड्राइव्ह इकडून तिकडे न्यायला ठीक आहे. वर्षानुवर्षं जपायला नाही.

तिसरी पायरी : वीज

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? अनेक घरांत येतात आणि लोक ते चालवून घेतात. त्याचा अर्थ सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कुणीतरी काढून टाकली आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला थोडा प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो. वाट नसली की तो कॅबिनेटवर राहतो. इलेक्ट्रिशियन बोलवा. हा खर्च कॉम्प्युटरसाठी नाही, माणसांसाठी आहे.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. घरगुती वापराला ६०० व्हीएचा पुरतो. लाइट गेल्यावर तो दहा-पंधरा मिनिटं देतो, ती काम चालू ठेवण्यासाठी नसून सेव्ह करून बंद करण्यासाठी असतात. त्यावर फक्त कॅबिनेट आणि मॉनिटर लावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस बसतो. दोन-तीन वर्षांनी लाइट जाताच मशीन बंद पडायला लागलं, तर बहुधा यूपीएसची फक्त बॅटरी संपलेली असते. ती बदलून मिळते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि राउटरचाही. केबल किंवा टेलिफोनच्या तांब्याच्या वायरने इंटरनेट येत असेल तर त्या वायरमधूनही झटका येतो आणि लॅनच्या वायरने थेट मदरबोर्डपर्यंत (आतल्या मुख्य सर्किट बोर्डापर्यंत) पोहोचतो. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज वाहत नाही, पण त्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर शेवटी भिंतीतल्याच सॉकेटला असतो. कोकणात किंवा गोव्यात असाल तर पावसाळ्यात कॉम्प्युटर महिनाभर बंद ठेवू नका. दमट हवेत आतल्या जोडांवर गंज धरतो. तीन-चार दिवसांनी अर्धा तास चालवला तरी आतला ओलावा उडतो.

चौथी पायरी : रेंगाळतोय कशामुळे

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश करायची सवय आधी सोडा. त्याने स्क्रीनवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, मशीन तसूभरही वेगाने चालत नाही. हाताला विरंगुळा म्हणून करायचं तर करा.

खरा पहिला उपाय रीस्टार्ट. ‘मी तर रोज शटडाउन करतो’ असं म्हणाल. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उघडतो. म्हणून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघितला तर रोज बंद होणारं मशीन वीस दिवस ‘चालू’ दिसतं. रीस्टार्ट केल्यावरच ते खरोखर नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा पुरे.

त्यानंतर टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप बघा. कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामची ही यादी. मीटिंगची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरबरोबर आलेली कसली तरी ‘असिस्टंट’, जुन्या मोबाइलचं सॉफ्टवेअर. ज्याचं नाव ओळखता आणि रोज लागत नाही, त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. प्रोग्राम उडत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. जे नाव ओळखीचं नाही ते आधी इंटरनेटवर शोधा. विंडोज सिक्युरिटी आणि आवाजाच्या ड्रायव्हरला हात लावू नका.

मग जागा. सी ड्राइव्ह लाल दिसत असेल तर विंडोजला श्वास घ्यायला जागा नाही. पंधरा-वीस टक्के मोकळी असू द्या. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. इथे विंडोज काय-काय पुसता येईल त्याची यादी देतं, आणि त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्याच्यासमोर टिक करू नका. सातबारा, निकाल, तिकिटं, आधारची पीडीएफ, सगळं तिथेच पडलेलं असतं. मोठ्या अपडेटनंतर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं आणि नवं विंडोज नीट चालत असेल, तर ते खुशाल पुसा, बरेच जीबी सुटतात. डाउनलोड्स मात्र हाताने आवरा. फाइल्स आकाराप्रमाणे लावल्या की वर कुणाचे तरी तीन सिनेमे येतातच.

इतकं करूनही रेंगाळत असेल तर मशीन मंद असतानाच टास्क मॅनेजरचं प्रोसेसेस पान उघडा आणि वरचे आकडे बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. चार जीबी आज ब्राउझरच्या दहा टॅबनाही पुरत नाही, आठ करा. पण डिस्क १०० टक्क्यांना चिकटून बसली असेल आणि पहिल्या पायरीत ती एचडीडी निघाली असेल, तर दुखणं सापडलं. एचडीडीत फिरणाऱ्या तबकडीवर एक सुई पुढे-मागे जाऊन वाचत असते. आजचं विंडोज एकाच वेळी शेकडो छोट्या फाइल्स मागतं आणि सुई धावून दमते. साध्या साटा एसएसडीत हलणारा भागच नसतो. ती सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, एचडीडी शंभर-दीडशे, आणि विखुरलेल्या छोट्या फाइल्सच्या बाबतीत फरक याहून कितीतरी मोठा. जुन्या मशीनवर पैसे खर्चायचेच तर ते इथे खर्चा. मिनिटभर घोटाळणारा कॉम्प्युटर पंधरा-वीस सेकंदांत उघडायला लागतो.

दुकानात मात्र नीट सांगा: ‘जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन करून द्या.’ क्लोन म्हणजे विंडोज, प्रोग्राम, फाइल्स, डेस्कटॉपवरचं चित्र, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर. न सांगितलंत तर तो नवं विंडोज टाकून देईल, कारण त्याला ते सवयीचं. जुनी डिस्क परत मागून घ्या. ती धडधाकट असेल तर एका केसिंगमध्ये घालून दुसऱ्या पायरीतली बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. धडधाकट आहे का ते क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर सांगतं. ‘गुड’ असेल तर ठीक. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असेल, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर तिच्यावर काही ठेवू नका.

मशीन वेगवान करून देतो म्हणणाऱ्या ‘पीसी बूस्टर’ आणि ‘रजिस्ट्री क्लीनर’ यांच्या वाट्याला जाऊ नका. एसएसडीवर बाहेरचं डीफ्रॅगचं (विखुरलेल्या फाइल्स सलग लावणारं) सॉफ्टवेअरही चालवू नका, तिची निगा विंडोज आपलं आपण राखतं.

पाचवी पायरी : अपडेट, आणि विंडोज १० चा प्रश्न

‘अपडेटने मशीन बिघडतं’ म्हणून ते बंद करून ठेवणारे बरेच आहेत. कधीकधी बिघडतंही. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम अडलं, तेव्हा तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं त्यांना त्या फटीची धास्ती उरली नव्हती. अपडेट नकोशा वेळी येतं ही तक्रार असेल तर विंडोज अपडेटमध्ये अ‍ॅक्टिव्ह अवर्स म्हणजे कामाच्या वेळा भरा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट असेल तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करा, म्हणजे डेटा एका सकाळीच संपणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स घ्यायची सोय ठेवलेली आहे. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. विंडोज ११ ला मदरबोर्डवर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. मशीन त्यात बसत नसेल तर आडमार्गाने ११ टाकून देणारे भेटतील. मी ते बँकेच्या कामाच्या मशीनवर करणार नाही. फक्त ब्राउझर, ईमेल आणि यूट्यूब असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करा. तो पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून बघता येतो. टॅली किंवा श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) लागत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

सहावी पायरी : घरात कोण शिरतंय

विकत घेतलेला अँटिव्हायरस नाही म्हणून काळजी करू नका. विंडोजमधला डिफेंडर घराला पुरेसा आहे, अट एकच की तो बंद करू नये. फुकट ऑफिस किंवा फोटोशॉप टाकून देणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवताना पहिली सूचना हीच असते: डिफेंडर बंद करा. कुणीही दार उघडं ठेवायला सांगितलं की तिथेच थांबा. पत्रं आणि हिशेब लिहायला लिब्रेऑफिस फुकट आहे, व्हिडिओला व्हीएलसी, झिप फाइल्सना सेव्हन-झिप. तिन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, शोधात सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको.

उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ असं सारखं येतंय? बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. घरातल्या कुणीतरी क्रिकेटचा सामना शोधताना एखाद्या साइटला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि तिथल्या अनोळखी साइट काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. यावर फॉरमॅट मारलेली मशीन मी बघितली आहेत.

पूर्ण स्क्रीन लाल किंवा निळी करून त्यावर फोन नंबर दिसला, तर तो हमखास ठगाचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, नाहीतर सरळ बटण दाबून मशीन बंद करा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही दुरून तुमचं मशीन चालवू देणारी अ‍ॅप्स स्वतः खोटी नाहीत, पण फोनवरच्या अनोळखी माणसाने ती टाकायला सांगितली तर तो तुमच्या खात्यासाठी आलेला आहे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे रोखता येण्याची शक्यता असते. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही.

आणखी एक. घरातल्या सगळ्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका. मुलांसाठी सेटिंग्जमधल्या अकाउंट्समधून वेगळं साधं खातं करा. गेमच्या नावाखाली काही टाकायचं झालं की मशीन पासवर्ड मागेल आणि प्रकरण तुमच्यापर्यंत येईल.

सातवी पायरी : मराठी

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही आणि फॉरमॅटमध्ये सर्वांत जास्त रडवणारा हाच. जुन्या पत्रिका, मंडळाचे अहवाल, वंशावळी बऱ्याचदा श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाइलमध्ये आत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉरमॅट झाला, फॉन्ट गेला, की आजोबांच्या पत्राच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उभी राहते. म्हणून आत्ताच, फॉन्ट मशीनवर असताना, अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचं रूप सोबत साठवलं जातं. शिवाय सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून ते फॉन्ट उचलून बॅकअपमध्ये टाका.

पुढचं सगळं युनिकोडमध्ये लिहा, त्यात फाइलच्या आतही खरी मराठी अक्षरंच साठवली जातात. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे भाषांच्या पानावर मराठी जोडा. मराठीच्या पर्यायांत दोन की-बोर्ड मिळतात: इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे टाइप करायचं असेल तर फोनेटिक घ्या. रोज लिहिणार असाल तर पंधरा दिवस कळ सोसून इनस्क्रिप्ट शिका, नंतर वेग चांगला येतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

आठवी पायरी : चालूच होत नाही तेव्हा

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी आणि आतून बीप-बीप: डेस्कटॉपमध्ये बहुधा रॅम. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि ‘टक’ आवाज होईपर्यंत पुन्हा बसवा. दुरुस्तीवालाही पहिल्यांदा हेच करतो.

तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाची दिसते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. हा व्हायरस नाही आणि याला फॉरमॅट लागत नाही.

कॅबिनेट उघडलंच आहे तर धूळही उडवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

फॉरमॅट खरंच मारायचा असेल तर

काही वेळा लागतो. व्हायरसने घर केलं असेल, किंवा विंडोज धड चालतच नसेल. तेव्हाही आधी विंडोजचीच सोय बघा: सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, त्यात रीसेट धिस पीसी, आणि ‘कीप माय फाइल्स’. प्रोग्राम उडतात, तुमच्या फाइल्स राहतात. व्हायरस असेल तर मात्र बॅकअपची खात्री करून सगळंच काढा.

मशीन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तीन गोष्टी करा. दुसरी पायरी पुन्हा एकदा, बाहेरच्या डिस्कवर. मग मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची) रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, आहे का बघा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. किल्ली नसेल तर फाइल्स कुणालाच काढता येत नाहीत, कंपनीलाही नाही. ती कागदावर उतरवून घ्या.

तिसरं, विंडोज कुठलं टाकायचं ते बजावून सांगा. लॅपटॉपबरोबर आलेलं अस्सल विंडोज होम असेल तर त्याचा परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो. पुन्हा होमच टाकलं की इंटरनेट मिळताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, पैसे लागत नाहीत. पुष्कळ ठिकाणी सवयीने सर्रास ‘प्रो’ टाकतात, तेही चोरीचं, आणि पैसे देऊन घेतलेला परवाना पडून राहतो. मशीनबरोबर ऑफिस मिळालं असेल तर ते कुठल्या ईमेल खात्याला जोडलं आहे तेही लिहून ठेवा.

मशीन परत आलं की सेटिंग्जमधलं अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडा, डिफेंडर चालू आहे ना बघा, सगळे अपडेट्स घ्या, आणि मगच फाइल्स परत टाका. बॅकअपची डिस्क निदान महिनाभर तशीच असू द्या. साधारण दुसऱ्या आठवड्यात घरातल्या कुणाला तरी एखादी फाइल आठवतेच.